कॅनानची झाडलेली जागा

१

मंगळवारी मक्याचा पाव असतो. त्या दिवशी माझ्या गाडीला संध्याकाळपर्यंत त्याचाच वास येत राहतो. गेली अकरा वर्षं मी लोमॅक्स काउंटीच्या उत्तर भागातल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण पोचवते. आमच्या चर्चच्या स्वयंपाकघरात दहाला डबे भरायचे, अकराला निघायचं, चौदा घरं करायची आणि दीडच्या आत रिकाम्या पेट्या घेऊन परत यायचं. दक्षिणेकडची घरं ट्रॉय हॅस्किन्स करतात. ते गोरे, सत्तरीचे, जन्मभर पाइनची झाडं लावण्यात आणि तोडण्यात राबलेले. मी काळी, एकसष्टची, शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेली. कोणाच्या पेटीत कोंबडीचे मोठे तुकडे गेले यावरून रोज सकाळी आमचं भांडण होतं आणि त्याशिवाय दोघांनाही चैन पडत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी नेहमीसारखी मिस ओझेला प्रुइट यांच्याकडे पोचले. वय चौऱ्याण्णव. पाय गेलेत, जीभ शाबूत आहे.

"उशीर केलास, लुरीन," त्या म्हणाल्या.

"दोन मिनिटं झाली फक्त, मिस ओझेला."

"माझ्या वयाला दोन मिनिटं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही."

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला, गोड चहा ओतला. तेवढ्यात मागच्या बाजूनं आवाज आला. खर्र. खर्र. खर्र. कोणीतरी अंगण झाडत होतं.

"आज कोणाला बोलावलंय का झाडायला?" मी सहज विचारलं.

मिस ओझेलांनी काटा खाली ठेवला. "तुला ऐकू येतंय?"

"येतंय की. खराटा मारतंय कोणीतरी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग काटा उचलला आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे."

निघताना मी घराला वळसा घालून मागे गेले. मागे हिरवळ आहे. त्यांचा भाचा दर शनिवारी यंत्रानं कापतो. कुंपणापर्यंत ताटाएवढीसुद्धा उघडी माती नाही. मी आजीच्या मातीच्या अंगणात वाढले. डॉगवुडच्या फांद्या बांधून केलेला खराटा घट्ट मातीवर ओढला की कसा वाजतो, ते मला कोणी शिकवायला नको. गवतावर तो आवाज निघत नाही. मी त्या हिरवळीच्या मधोमध उभी होते आणि आवाज चालूच होता, एका लयीत, न थांबता.

२

आवाज गाडीचाच असेल म्हणून मी इंजिनचा पट्टा तपासून घेतला. मेकॅनिक म्हणाला, पट्टा नवा आहे. मग दवाखान्यात जाऊन कान दाखवले. तिथली नर्स माझ्या शाळेतल्या पोरांपैकीच एक. ती म्हणाली, "मिस लुरीन, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." मला बरं वाटायला हवं होतं.

गुरुवारी मिस्टर लम हारग्रोव्ह यांच्याकडे गेले. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. अर्धांगाच्या झटक्यानं डावी बाजू गेली आहे. मुलगी कामावर जाते, म्हणून मी त्यांच्याजवळ दहा मिनिटं जास्त बसते आणि चार घास भरवते. छोटी खोली, लोखंडी पलंग, गॅसचा हीटर, समोर टीव्हीवर बक्षिसांचा कार्यक्रम. मिस्टर लम टीव्हीचा आवाज बंद ठेवतात. म्हणतात, माणसं उड्या मारताना आवाजाशिवायच जास्त बरी दिसतात.

मी तिसरा घास भरवला आणि आवाज सुरू झाला. आधी स्वयंपाकघराच्या बाजूला. मग दारापाशी. मग खोलीत.

खाली लिनोलियमची गुळगुळीत फरशी होती. आवाज मात्र मातीवरचाच होता. काड्या मातीत रुतून ओढल्या जात होत्या. बारीक खडे घरंगळत होते.

"पाय वर घे," मिस्टर लम म्हणाले.

"काय म्हणालात?"

"पाय वर घे गं. झाडतेय ती. सांगितलं की ऐकावं."

मी पाय वर घेतले. लहानपणी आजी म्हणायची तेव्हा घ्यायचे तसेच, गुडघे छातीशी. आवाज माझ्या खुर्चीखालून गेला, पलंगाखालून गेला आणि भिंतीपलीकडे निघून गेला.

"आता ठेव," ते म्हणाले.

"कोण आहे ती, मिस्टर लम?"

"ठाऊक असतं तर चहा विचारला नसता का?"

"केव्हापासून येतेय?"

"वरच्या रानात लाल फिती बांधल्या तेव्हापासून. पहिल्या दिवशी मीही घाबरलो. पण मी पळणार कुठं?" ते एका बाजूनं हसले. "भरव की. गार होतंय."

माझ्या मांडीवरचा कागदी रुमाल मघाशी खाली पडला होता. आता तो भिंतीच्या कोपऱ्यात होता, केर लोटून ठेवावा तसा. हीटरच्या वाऱ्यानं गेला असेल, असं मी मनाशी म्हटलं. हीटर बंद होता हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

३

तोडायच्या झाडांना बांधलेल्या त्या लाल फिती सगळ्यांना ठाऊक होत्या. टर्की ओढ्याच्या वरच्या अंगाला सहाशे एकर पाइन आहे. ते तोडून तिथं कचऱ्याचा डेपो करायचा, दोन राज्यांतला कचरा ट्रकनं आणून पुरायचा, असा एका कंपनीचा बेत होता. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी काउंटीचं मंडळ त्यावर मत देणार होतं. मंडळातल्या पाचांपैकी तिघं तयार आहेत असं सगळे म्हणत होते. काउंटीत कामं नाहीत. लोकांना रागही धड येत नव्हता.

महिनाभरात मला चौदांपैकी पाच घरांत तो आवाज आला. बाकीच्या नऊ घरांत कधीच नाही. घरांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत, पण प्रत्येक ठिकाणी तो ठरावीक बाजूनं यायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर काउंटीचा मोठा नकाशा आहे. एका सकाळी कोणी आलं नव्हतं तेव्हा मी पट्टी घेतली आणि प्रत्येक घरापासून आवाजाच्या दिशेनं पेन्सिलीची रेघ ओढली. पाच रेघा टर्की ओढ्याच्या वर, त्या पाइनच्या रानात, एका जागी भेटल्या. मी खोडरबर शोधायला लागले. आपण काहीतरी वेड्यासारखं केलंय आणि ते कोणी बघायच्या आत पुसायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी मी घरी ओट्यापाशी वाटाणे सोलत होते. ऊन आत आलं होतं. माझं घर त्या रानापासून आठ मैल लांब आहे. खिडकीखाली खर्र झालं. मग दारातून आत. मी वाटाण्यांचं भांडं पोटाशी धरून स्टुलावर चढले आणि मांडी घालून बसून राहिले, एवढी मोठी बाई. आवाज ओट्यापाशी येऊन थांबला. इतरांच्या घरी तो पुढे निघून जायचा. इथं थांबला. खाली, माझ्या स्टुलाजवळ, कोणीतरी दमून श्वास घेत होतं. मी खाली बघितलं नाही. बऱ्याच वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला आणि बाहेर गेला.

सोमवारी ट्रॉय नकाशापुढे उभे होते. खोडलेल्या रेघा उजेडात दिसतातच.

"ही काय भानगड आहे, मिस लुरीन?"

"काही नाही. त्या जागी काय आहे हो?"

"झाडं. मीच लावलीत, चौऱ्याऐंशी साली." रेघा मिळाल्या होत्या तिथं त्यांनी बोट टेकवलं. "एक तुकडा सोडून. तिथं रोप जगेना. तीन वर्षं लावली, तीनदा मेली. मग मुकादम म्हणाला, सोड तेवढा तुकडा."

"तिथं कधी काही ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"काय ऐकू येणार?" ते फार पटकन म्हणाले. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. "खराटा?"

मी तो शब्द त्यांच्यापुढे कधीच काढला नव्हता.

४

त्या दिवशी मी मिस ओझेलांचा डबा उघडलाच नाही. त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "त्या रानात काय आहे ते सांगा मला."

त्यांनी टीव्ही बंद केला. खिडकीकडे बघून, जणू बाहेर कोणी ऐकत असेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कॅनान."

"म्हणजे?"

"गाव होतं. आपल्या लोकांचं. माझ्या पणजोबांच्या पिढीनं गुलामीतून सुटल्यावर जमीन विकत घेतली, घरं बांधली, चर्च बांधलं. चाळीस घरं होती. मी नऊ वर्षांची असताना माणसं आली. हातात कागद होते, बंदुका होत्या. म्हणाली, जमीन तुमची नाही, दुपारच्या आत निघा. माझ्या बापानं चूल विझवली आणि खेचर गाडीला जोडलं." त्यांनी हातातला रुमाल मांडीवर पसरून सारखा केला. "आईला पुरून अकरा दिवस झाले होते. कबरीवर दगडही नव्हता. तिचा पाण्याचा निळा जग होता, तो ठेवला होता डोक्याशी. गाडीत बापानं सांगितलं, ह्या जागेचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. पंच्याऐंशी वर्षं मी त्याचं ऐकलं."

बाहेर आवाज सुरू झाला होता. आम्ही दोघी तो ऐकत होतो.

"शनिवारी सगळ्या बाया कबरस्तान झाडायच्या," त्या म्हणाल्या. "गवताचं पातं ठेवायच्या नाहीत. लाल माती अशी स्वच्छ, की पाय ठेवायला भीती वाटावी."

"मग ही तुमची आई आहे?"

"नाही. आईचा हात मी ओळखते. ती दोन छोटे फटके मारायची आणि एक लांब. ही एकसारखी मारते." त्यांनी मान कलती केली. "ही दुसरीच कोणीतरी आहे. आणि दमलीय."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मिस ओझेला, ती माझ्या घरीही आली होती. का? माझा काय संबंध?"

"तुझी आजी पर्ली कुठली होती?"

"मोबील शहराकडची म्हणायची."

"सगळेच कुठली ना कुठली गावं सांगायचे," मिस ओझेला म्हणाल्या. "पर्ली आमच्या शेजारच्या घरातली. वेण्या घालायची माझ्या. फार ओढायची केस."

मी आजीच्या मांडीवर वाढले. तिनं मला भाकरी, शिवण, प्रार्थना सगळं शिकवलं आणि एवढी एक गोष्ट सांगितली नाही. मी तिथं बसून रडले. मिस ओझेलांनी मला रडू दिलं आणि मग जेवण मागितलं.

५

कायदा साधा आहे. कबरी असलेल्या जमिनीवर डेपो करता येत नाही. पण कबरी आहेत हे दाखवावं लागतं. जमिनीच्या कागदात कॅनानचं नाव नव्हतं. कंपनीच्या मोजणीवाल्यांनी लिहून दिलं होतं की तिथं काही नाही.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी, अकराच्या सुमाराला, मी आणि ट्रॉय रानात शिरलो. ऊन चांगलं होतं. पाइन ओळीनं लावलेले असतात, त्यामुळे कुठंही उभं राहिलं तरी सारख्याच गल्ल्या दिसतात. खाली सुया वीतभर साचलेल्या. पाय ठेवला की मऊ दबतात, आवाज होत नाही. सुरुवातीला पाखरं होती. मग नव्हती.

"मागे फिरायचं असेल तर सांगा," ट्रॉय म्हणाले.

"तुम्हालाच फिरायचंय."

"मला चाळीस वर्षांपूर्वीच फिरायला हवं होतं," ते म्हणाले.

आवाज सुरू झाला तेव्हा तो समोरून आला. शंभर पावलं गेल्यावर तो उजवीकडे होता. मग मागेही होता. मी ट्रॉय यांची बाही धरली. त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघं म्हातारी माणसं एकमेकांना धरून चालत होतो. आणि मग पायाखालच्या सुया संपल्या.

समोर लाल माती होती. अर्ध्या एकराचा मोकळा तुकडा. त्यावर एक सुई नव्हती, एक पान नव्हतं. चारी बाजूंनी साठ फुटांचे पाइन, वरून सारखं काहीतरी गळत होतं आणि खाली काही नव्हतं. मातीवर खराट्याचे फराटे होते, पंख्यासारखे, एकाला एक लागून. ताजे. झाडल्यामुळे जमिनीतले खळगे उघडे पडले होते. लांबट, माणसाएवढे, सगळे पूर्व-पश्चिम. मी मोजायला लागले आणि एकवीसनंतर आकडे विसरले.

"इथं भांडी होती," ट्रॉय हळू आवाजात म्हणाले. "फुटके कप, शिंपले, एक निळा जग. मला वाटलं नव्हतं असं नाही. ह्या कबरी आहेत हे मला कळलं होतं. मुकादम म्हणाला, उचल आणि फेक ओढ्यात. मी फेकलं."

मी मोबाइल काढला आणि फोटो घ्यायला लागले. सातव्या फोटोच्या वेळी, तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला, दोन खोडांच्या मध्ये काहीतरी हललं.

वाकलेली पाठ होती. एक हात पाठीवर ठेवलेला. दुसरा हात पुढे जात होता, मागे येत होता. कपड्याचा रंग मातीचाच होता, म्हणून ती कुठं संपते आणि जमीन कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. खर्र. खर्र. मग हात थांबला. आमची चाहूल लागल्यासारखी ती पाठ सरळ व्हायला लागली. सावकाश, फार सावकाश, कंबर दुखणाऱ्या बाईसारखी.

मी मान खाली घातली. पूर्ण उभी राहिली की ती तोंड वळवणार होती आणि ते तोंड बघायची माझ्यात ताकद नव्हती. ट्रॉय यांनी टोपी छातीशी धरून डोळे मिटले होते.

"आम्ही बघितलंय," मी मातीकडे बघत म्हणाले. "जागा बघितलीय. आता आम्ही करतो. तू बस थोडी."

सगळं शांत झालं. मग कुठंतरी एक पाखरू बोललं.

मी मान वर केली तेव्हा पलीकडे नुसती खोडं होती. मागे वळून बघितलं. आम्ही त्या मातीवर वीस पावलं तरी आत आलो होतो. मातीवर आमच्या पावलांचा एकही ठसा नव्हता. फराटे आमच्या टाचांपर्यंत येऊन थांबले होते.

६

गुरुवारी सकाळी दहाला कोर्टाच्या इमारतीतलं सभागृह भरून गेलं होतं. मिस ओझेलांना त्यांच्या भाच्यानं चाकाच्या खुर्चीतून आणलं. मिस्टर लम यांना मुलीनं रजा काढून आणलं. जांभळी टोपी घातलेल्या मिस ओझेला जणू लग्नालाच आल्या होत्या.

कंपनीचा वकील चांगला बोलला. कामं, रस्ते, शाळेला मदत. मग अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का.

मी सहा फोटो दाखवले. त्यांत फराटे आले नव्हते, पण खळगे स्पष्ट होते. वकील म्हणाला, जमिनीत खळगे कशानंही पडतात, जुन्या झाडांची खोडं कुजली तरी पडतात. सातवा फोटो माझ्या पर्समध्ये मोबाइलवर होता. तो मी तेव्हा दाखवला नाही आणि अजून कोणाला दाखवलेला नाही. पुसूनही टाकलेला नाही.

ट्रॉय उठले. आमच्या काउंटीत अशा बाबतीत गोरा माणूस उभा राहून काय बोलणार याचा लोक अंदाज बांधतात. मागे खुर्च्या करकरल्या.

"ती झाडं मी लावली," ते म्हणाले. "लावण्याआधी तिथून कबरींवरची भांडी उचलून मी ओढ्यात फेकली. कबरी आहेत हे तेव्हा मला माहीत होतं. शपथेवर लिहून देतो. मला काय व्हायचं ते होऊ दे."

मग मिस ओझेलांनी भाच्याला खुणेनं खुर्ची पुढे घ्यायला सांगितली. माइक त्यांना नको होता.

"माझ्या आईचं नाव सॅफ्रोनिया प्रुइट," त्या म्हणाल्या. "तिच्या डावीकडे माझा भाऊ एनिस, सहा महिन्यांचा. त्याच्यापलीकडे चर्चचे डीकन ओबेडाया हारग्रोव्ह, हे इथं बसलेत त्या लमचे आजोबा. त्यांच्या पायाशी बर्था मूडी. बाळंतपणात गेली, पोर तिच्या कुशीतच ठेवलं."

त्या थांबल्या नाहीत. रांगेनं जात होत्या, कबरींच्या मधून चालल्यासारख्या. नऊ वर्षांच्या मुलीनं दर शनिवारी आईमागे फिरताना जे बघितलं ते सगळं त्यांना जसंच्या तसं आठवत होतं. चौतीस नावं त्यांनी सांगितली. मागे बसलेल्या एका बाईनं मध्येच "ती माझी खापरपणजी" असं म्हणून तोंडावर हात ठेवला. मग आणखी एक जण उठला. मंडळातला एक जण चष्मा पुसत बसला. तिघांपैकी होता तो, तयार असलेल्या.

मतदान पुढे ढकललं. राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयातली एक तरुण बाई जमिनीखालचं दाखवणारं यंत्र घेऊन आली आणि तीन दिवस त्या तुकड्यावर ढकलगाडीसारखं ते फिरवत राहिली. सदतीस कबरी निघाल्या. तीन कोणाच्या ते मिस ओझेलांनाही सांगता आलं नाही. कंपनीनं अर्ज मागे घेतला. त्या बाईनं जाताना मला फक्त एक गोष्ट विचारली. "जागा इतकी छान राखलीय. कोण राखतं?"

"बघतो आम्ही," मी म्हणाले.

७

मेच्या दुसऱ्या रविवारी कॅनानला जेवण झालं. डेट्रॉइटहून, शिकागोहून, टोलीडोहून माणसं आली. ज्यांच्या आज्यांनी वेगवेगळी खोटी गावं सांगितली होती त्यांची नातवंडं एकाच चटईवर बसून कोंबडी खात होती आणि नाकं पडताळून बघत होती. ट्रॉय यांनी ओढ्यातून तीन आठवडे गाळ उपसून भांड्यांचे जेवढे तुकडे सापडले तेवढे आणले होते. ते कोणाच्या कबरीवर होते ते ठाऊक नव्हतं, म्हणून एका लाकडी पेटीत ठेवून पेटी कडेला ठेवली. ते स्वतः लांब गाडीपाशीच उभे होते. मिस्टर लम यांनी मला त्यांना बोलवायला पाठवलं.

"त्याला म्हणावं, उपाशी उभा राहून पाप फिटत नाही. इकडे येऊन मला भरव. लुरीन आज पाहुण्यांत आहे."

ट्रॉय आले. पहिलाच घास त्यांनी मिस्टर लम यांच्या शर्टावर सांडला.

"अकरा वर्षं डबे वाटतोस आणि घास भरवता येत नाही?"

"माझ्या बाजूची माणसं स्वतःच्या हातानं खातात, सर."

जेवणं झाल्यावर मिस ओझेलांनी मला हाक मारली. कबरींच्या कडेला, सॅफ्रोनियाच्या उजव्या अंगाला, थोडी रिकामी जागा होती. त्यांनी छडीनं ती दाखवली.

"ही माझी."

"बरं. पाटी लावून ठेवू."

"पाटी नंतर. आधी मला खाली ठेवा. बघू दे कशी आहे."

भाचा नको नको म्हणत होता. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. ट्रॉय, भाचा आणि मी, अशा आम्ही तिघांनी मिळून त्यांना खुर्चीतून उचललं आणि रविवारच्या कपड्यांसकट त्या लाल मातीवर अलगद निजवलं. जांभळी टोपी मी हातात धरली.

मिस ओझेलांनी हात पोटावर ठेवले आणि वर बघितलं. पाइनच्या शेंड्यांमधून आभाळाचा मोठा तुकडा दिसत होता. त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटून ठेवले की भाचा गुडघ्यावर बसला आणि मी त्यांच्या छातीकडे बघायला लागले.

"थोडं डावीकडे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पाठीला मूळ टोचतंय."

आम्ही त्यांना वीतभर डावीकडे सरकवलं. त्यांनी खांदे मातीत हलवून बघितले, डोकं टेकवलं, एक मोठा श्वास घेतला.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि हात वर केले. "उचला मला. घाई नाही अजून. तिकडे तो पीचचा केक कोण संपवतंय बघा."